‘एंटर मारू काय ताई?’ विचारणाऱ्या दादाला

दादा,

नाव घालू नका म्हणालात म्हणून घालत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. फोनवर थँक्यू म्हटलं तर तुम्ही “हूं, बरं, ठेवतो” म्हणून फोन ठेवलात, आमच्या मनात जे होतं ते तसंच अडकून राहिलं. आज पंधरा दिवस झाले तरी काउंटरवर कोण पासबुक पुढे केलं की माझा हात अजून थोडा थरथरतो, म्हणून लिहून टाकते एकदाचं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमची सौहार्द संस्था, म्हणजे कर्नाटकातली सहकारी पतसंस्था, छोटी, अडीच हजार खाती, जास्त करून पिग्मीची. पिग्मी म्हणजे रोज एजंट दुकानात येऊन वीस-पन्नास रुपये घेऊन जातो ते. ही चीज कर्नाटकातलीच, पुढे सिंडिकेट बँक म्हणून मोठी झाली त्या उडुपीच्या बँकेनं १९२८ साली रोज दोन आण्यांवर सुरू केलेली, आणि आमच्या बेळगाव-खानापूर भागात आजपण भाजीवाल्या, पानपट्टीवाले, टेलर सगळे त्यावरच पोरांच्या फिया भरतात. तर हे सगळे पैसे, म्हणजे पैसे नव्हे, पैशांचा हिशोब, मुंबईतल्या कुठल्या तरी क्लाऊड सर्व्हरवर. मी अकाउंट्सची, पण ऑफिसात कॉम्प्युटरला न घाबरणारी मी एकटी म्हणून सर्व्हरपण माझ्याच गळ्यात.

सोमवारी दुपारी तीनला सगळं ठप्प. डिस्क भरलेली. आमच्या एएमसीवाल्यांना, म्हणजे वर्षाच्या करारावर देखभाल करणाऱ्यांना, फोन केला, त्यांच्या माणसानं लांबूनच लॉगिन केलं, अडकलेला डेटाबेस, म्हणजे सगळा हिशोब सांभाळणारा प्रोग्राम, जबरदस्तीनं मारला आणि जागा करायला म्हणून फाईली उडवायला सुरुवात केली. त्यात दोन फाईली अशा की नावात ‘लॉग’ होतं. जुने लॉग असतील म्हणून त्यानं उडवल्या. ते जुने लॉग नव्हते दादा, ते मला तुमच्याकडून कळलं, त्यात डेटाबेसची अर्धवट राहिलेली कामं लिहिलेली असतात, लाईट गेली तर त्यावरूनच तो स्वतःला सावरतो. म्हणजे डोळ्यांचं ऑपरेशन करायला आला आणि चष्मा कचऱ्यात टाकून गेला. वर हे पण कळलं की त्या क्लाऊडवर डिस्कची जागा वाढवायला सर्व्हर बंदसुद्धा करावा लागत नाही, पाच मिनिटांचं काम. आणि आमच्या डेटाबेसच्या, म्हणजे मायएसक्यूएलच्या, ५.७ व्हर्जनची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्येच संपलेली, एएमसीचे पैसे मात्र दर एप्रिलला वेळेवर.

त्यानंतर डेटाबेस चालू व्हायचा, दोन मिनिटं चालायचा, एखादं खातं उघडलं की परत पडायचा. मंगळवारी त्यांनी सांगितलं काळजी करू नका मॅडम, आमच्याकडे डंप आहे. (डंप म्हणजे सगळा डेटा वाचून लिहून काढलेली नक्कल.) आहे म्हणजे चार महिन्यांपूर्वीचा! तो पण बाजूला टाकून दाखवला तर पैशांचे आकडे बरोबर आणि नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. आमच्याकडे प्रत्येक खातेदाराचं नाव दोनदा असतं, सरकारी फॉर्मसाठी कन्नडात आणि पासबुकासाठी मराठीत. डंप काढताना कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं ओळखायचा तक्ता, चुकीचा, लॅटिन का कायसा, त्याला ना कन्नड येतं ना मराठी, त्यानं न समजलेल्या प्रत्येक अक्षराला एक प्रश्नचिन्ह लावून टाकलं. अडीच हजार माणसं, सगळी प्रश्नचिन्हं. आमच्या सीमाभागात मराठी आणि कन्नड एकदम एकसारखी वागवलेली मी पहिल्यांदाच बघितली 😀 आता हसते, तेव्हा हसू येत नव्हतं. एएमसीवाले म्हणाले, “नावं तुम्ही परत टाईप करून घ्या ना.”

मग मला आठवलं की दोन वर्षांपूर्वी सहा महिने एक पोरगा ट्रेनी म्हणून होता, त्यानं जाताना सांगितलं होतं, “मॅडम, रोज रात्री दोनला डिस्कचा स्नॅपशॉट निघतो, लावून ठेवलंय, सात दिवसांचे राहतात.” स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी डिस्क जशी असेल तसा तिचा फोटो. आम्ही बरं बरं म्हणालेलो, कुणी कधी उघडून बघितलं पण नव्हतं. त्या पोराचे पण आभार, कुठं आहे काय की. बुधवारी एएमसीवाल्यांना सांगितलं, त्यांनी अर्धा दिवस घालवला आणि कळवलं स्नॅपशॉट करप्ट आहे, त्यातनं व्हॉल्यूम, म्हणजे नवी डिस्क, बनतो पण सर्व्हरला लागत नाही, तिकीट (म्हणजे आमची तक्रार) क्लोज करतोय.

तिकीट क्लोज. बाहेर बाकावर लोक बसलेले. एक आज्जी, बाजारात मिरच्या विकणारी, तीन दिवस रोज यायची, काही न बोलता बसायची आणि जाताना म्हणायची, “माझं आहे न्हवं बाळ तिथं?”

आमच्या पिग्मी एजंट काकांनी तुमचा नंबर दिला. भाचा आहे म्हणाले, पुण्यात असतो, सध्या गावी आलाय. बुधवारी रात्री साडेआठला फोन केला, “मी सौहार्दमधनं बोलतो” (पुण्याच्या लोकांनी हसू नये, आमच्यात बायका पण ‘मी बोलतो’च म्हणतात). तुम्ही ना ओळखीचे ना पाळखीचे. तुमच्याकडे खानापूर तालुक्यातला तो पाऊस, घरात रेंज नाही, म्हणून तुम्ही लॅपटॉप घेऊन देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसलात. मला फोनवर पत्र्यावरचा पाऊस ऐकू यायचा आणि मधेच कुत्रं.

दोन मिनिटं बघितलंत आणि म्हणालात, “करप्ट नाही हो. तुमचा सर्व्हर आहे एका झोनमध्ये, त्यांनी व्हॉल्यूम बनवलाय दुसऱ्या झोनमध्ये. लागणार कसा?” रीजन म्हणजे मुंबईसारखा अख्खा भाग, झोन म्हणजे त्यातली सर्व्हरची एक वेगळी जागा. स्नॅपशॉट अख्ख्या रीजनचा असतो पण त्यातनं काढलेला व्हॉल्यूम एका झोनचाच, म्हणजे मिरजेच्या डब्याला बेळगावचं इंजिन लावायला बघत होते आणि डबाच मोडलाय म्हणून सांगत होते. मी रडले तेव्हा. तुम्हाला कळलं असेल, पण तुम्ही काही बोलला नाहीत, ते बरं केलंत.

काय काय केलंत ते सगळं इथं लिहीत बसत नाही, मला पण अर्धंच कळलं. पण एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, त्यासाठीच हे पत्र.

एनीडेस्कवर, म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायच्या सोयीवर, माझ्या स्क्रीनवर तुम्ही टाईप करायचात. प्रत्येक ओळ लिहून झाली की थांबायचात. मग ही ओळ काय करणार ते मराठीत सांगायचात, एका वाक्यात, आणि विचारायचात, “एंटर मारू काय ताई?” मी हूं म्हणेपर्यंत हात लावायचा नाहीत. पहिल्यांदा वाटलं सवय असेल. पण पंचवीस-तीस वेळा तरी विचारलं असेल तुम्ही, रात्री बारा वाजता पण, पावसात बसून पण. एकदा मी पाणी प्यायला उठलेले, परत आले तर स्क्रीनवर ओळ तशीच, पुढे ते कर्सर टिमटिमतंय, आणि तुम्ही तिकडं गप्प. मी म्हटलं मारायचं होतं की दादा. तुम्ही म्हणालात, “डेटा तुमचा हाय, मी कोण मारणार.”

दादा, तीन दिवस त्या सर्व्हरवर कोण कोण येऊन काय काय उडवून गेलं, कुणी एकदा तरी विचारलं होतं काय?

सगळ्यात पहिली ओळ तर दुरुस्तीची नव्हतीच. मोडक्या व्हॉल्यूमचाच आधी एक स्नॅपशॉट घेतलात. मला कळेना, मोडक्याचा फोटो कशाला? “आपण चुकलो तर निदान आता आहे तिथं तरी परत येता यावं म्हणून. जुन्याला हात लावायचा नाही, नवा शेजारी उभा करायचा.” मग सोमवार पहाटेचा स्नॅपशॉट घेतलात, कारण मंगळवार-बुधवारचे असून नसून सारखे, मोडल्यानंतरचे. सात दिवसांचेच ठेवायची सोय होती म्हणजे आणखी चार दिवस तिकीट-तिकीट खेळत बसलो असतो तर सोमवारचा पण आपोआप गळून गेला असता. हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं आणि पोटात गोळा आला.

नवा लावल्यावर सिस्टिमनं तो उघडायलाच नकार दिला. मी परत घाबरले, तुम्ही हसलात. जुना आणि नवा दोघांची ओळख एकच, यूयूआयडी का काय ते, त्यामुळे जुळ्या भावांना एकच आधार नंबर असल्यासारखं झालेलं. जुना बाजूला काढला, नवा गपगुमान बसला. डेटाबेस चालू केला तर त्यात क्रॅश रिकव्हरी म्हणून ओळी यायला लागल्या, क्रॅश शब्द वाचूनच माझं काळीज हललं. तुम्ही समजावलंत की पहाटे दोनला चालू मशीनचा फोटो काढलेला, त्यामुळं डेटाबेसला वाटतंय लाईट गेलेली, तो आपला आपण सावरतोय, त्याला सावरू दे. आणि ह्या वेळी सावरायच्या त्या दोन फाईली जागेवर होत्या.

मग पहिलं खातं उघडायला घेतलं आणि ते उघडेचना. गोल फिरतंय, फिरतंय. स्नॅपशॉटमधून केलेल्या डिस्कवर माल आधी नसतो, मागाल तसा मागच्या गोदामातनं येतो, म्हणून प्रत्येक गोष्ट पहिल्यांदा रखडते, एवढं कळलं. म्हणून तुम्ही रात्रभर अख्खी डिस्क एकदा वाचून काढायला लावून ठेवलीत, म्हणजे सकाळी लोक आले तर काउंटर अडकायला नको. ह्याचा विचार कोण करतं हो? तुमचं काम डेटाबेस चालू झाला तिथंच संपलेलं.

गोल फिरायचं थांबेपर्यंत तुम्ही म्हणालात, “ताई, असं एखादं नाव शोधा जे तुम्हाला तोंडपाठ आहे.” मी माझ्या आईचं खातं काढलं. आईचं नाव आलं. मराठीत आलं, शेजारी कन्नडात आलं, आणि पत्त्यात ‘येळ्ळूर’, दोन्ही ळ जिथल्या तिथं, एकाखाली एक. मी स्क्रीनवर बोट ठेवून बघितलं. येळ्ळूरच्या माणसाला नाव कसं लिहिलंय ह्याचं काय वाटतं ते वेगळं सांगायला नको, २०१४ ला ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ लिहिलेला फलक पाडला त्याचं सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही म्हणालात स्नॅपशॉटला भाषा नसते, तो अक्षर वाचतच नाही, डिस्कवरचे ठोकळे जसेच्या तसे उचलतो, म्हणून बिघडवत पण नाही. वाचायला गेला तो डंप, आणि न कळता वाचलं म्हणून घोटाळा.

सोमवारी पहाटेपासून तीनपर्यंतच्या नोंदी मात्र गेल्या त्या गेल्याच. त्या परत आणायला बिनलॉग म्हणून असतो, प्रत्येक बदलाची नोंदवही, म्हणालात, पण त्या महाशयांनी जागा करायच्या नादात तो पण साफ केलेला. असू दे. गुरुवारी दार आतनं लावून व्हाउचर काढले, पिग्मी एजंट सगळे आपापली पावतीपुस्तकं घेऊन जमिनीवर बसले, एक वाचायचा, मी मारायचे. रात्री अकराला टॅली झालं. रुपयाचा फरक नाही. मिरचीवाल्या आज्जीला शुक्रवारी पासबुक छापून दिलं, तिनं ते उलटं धरून बघितलं आणि कनवटीला खोचलं.

पैसे विचारले तर तुम्ही विषय बदललात. कुंदा पाठवतो म्हटलं तर म्हणालात आमच्यात डायबेटिस आहे सगळ्यांना. मग काय द्यायचं माणसानं? आमच्या बेळगावच्या सीबीटी बसस्टँडवर एक कंडक्टर आहे, बस सुटायच्या घाईत पण म्हाताऱ्या बायकांची बुट्टी आधी वर घेतो, मग डबल बेल मारतो, त्याला कुणी थँक्यू म्हटलेलं मी बघितलं नाही, बायका नुसतं “बाळा” म्हणतात आणि खिडकीची जागा धरतात. तुम्ही त्याच जातीतले वाटता मला. कुणाच्या सर्टिफिकेटमध्ये हे लिहिलेलं नसतं, आणि एएमसीच्या कोटेशनमध्ये तर नाहीच नाही.

एएमसी आम्ही बदलली. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं, एंटर मारायच्या आधी विचारायचं. तो माझ्याकडं जरा विचित्र बघितला, पण विचारतो.

आणि तो मोडका जुना व्हॉल्यूम अजून तिथंच आहे. तुम्ही त्याला नाव दिलेलं, ‘हात लावू नये, ताईंना विचारा’. परवा बिल आलं तेव्हा चेअरमनसाहेबांनी बोट ठेवून विचारलं हे काय, न वापरायच्या डिस्कचे पैसे कशाला भरतोय आपण? म्हटलं साहेब, राहू दे थोडे दिवस. तसं आता त्याचं काही काम नाही, मला पण कळतं. काढायचा झाला तर गणपतीला गावी आलात की इकडं या, शेजारी बसून काढू, आणि त्या वेळी एंटर मी मारतो.

तुमची,
सौहार्दमधली ताई