मराठी विसरले नाही, बाबा

दुबई, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बोटिम या कॉलच्या ॲपवर आवाज तुटतो आणि तुटक्या आवाजात नीट भांडता येत नाही, म्हणून लिहायला बसले. दादा, हे मोठ्या अक्षरांत छापून बाबांना दे. मोबाइलवर दाखवलंस तर चार ओळी वाचून ‘बरं बरं’ म्हणतील आणि चष्मा काढून ठेवतील.

मी बरी आहे. खोली, डबा, ऊन, सगळं मागच्यासारखंच, त्यावर पुन्हा लिहीत नाही. वजन कमी झालेलं नाही. व्हिडिओत तसं दिसतं ते इथल्या दिव्यांमुळे.

आता मुद्द्याचं. आत्या आली होती तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि माझं बोलणं ऐकून घरात सभा भरली, असं दादाकडून कळलं. ‘पोरगी मराठी सोडून बसली, आणि हिंदी तरी कुठे धड आहे?’ हे आत्याचं. आत्याचं मी मनावर घेत नाही, पण बाबा त्यावर गप्प बसले म्हणे. ते लागलं.

बाबा, तेव्हा मी तुमच्याशी बोलतच नव्हते. दुसऱ्या फोनवर आमचा ड्रायव्हर होता. सोलापूरकडच्या डाळिंबांचा कंटेनर जेबेल अली बंदरातून बाहेर पडताना अडवला होता, बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन. आत्याने ऐकलं ते साधारण असं असणार (डीओ म्हणजे माल ताब्यात द्यायचा कागद, जेनसेट म्हणजे कंटेनर थंड ठेवणारा जनरेटर):

‘भाई, कहां पे है?’
‘मॅडम, एक्झिट पे खडा है, छोड नहीं रहा. इन्स्पेक्शन बोलता है.’
‘डीओ का कॉपी दिखाया?’
‘दिखाया. बोलता है सिस्टीम में होल्ड है.’
‘ओके, मैं क्लिअरन्सवाले को बोलती. जेनसेट चालू है ना?’
‘चालू है मॅडम.’
‘बंद मत करने का. डाळिंब जायेगा.’

हो, डाळिंबच म्हणाले. घाईत ‘अनार’ कुणाला सुचतंय? त्याला कळलं आणि डाळिंबं वाचली.

यात धड हिंदी नाही, हे कबूल. पण इथे धड हिंदी कुणाची आहे? ड्रायव्हर पाकिस्तानातल्या स्वातचा, घरी पश्तू बोलणारा. आमचे अकाउंटंट केरळचे. ते हिंदी शाळेत नाही, इथेच शिकले, तीही पठाणांकडून. चहा आणणारा मुलगा बांगलादेशी. या तिघांना एकमेकांशी बोलायला एकच भाषा आहे आणि ती तिघांपैकी कुणाचीच नाही. ड्रायव्हर तिला उर्दू म्हणतो, अकाउंटंट हिंदी म्हणतात, दोघं तेच वाक्य बोलतात. स्त्रीलिंग-पुल्लिंग हा प्रकार त्यात उरलेला नाही. गाडी खडा असतो, बिल आयी असते, आणि कुणाचं काही अडत नाही. लखनौचा एक मुलगा नवा आला तेव्हा फार सुंदर बोलायचा, पण निम्म्या लोकांना कळायचंच नाही. आता तोही ‘अर्जंट है, जल्दी करने का’ म्हणतो. ‘वो मेरेको हंसा’ असं मी म्हटलं की मात्र अजून हसतो. हसू दे.

आणि मेलचं तुम्हाला सांगायलाच हवं, कारण ते मला अजूनही पुरतं उलगडलेलं नाही. ऑफिसात प्रत्येक गोष्टीचा मेल टाकायचा, तोही कडक इस्त्रीच्या इंग्रजीत: ‘डिअर सर, काइंडली डू द नीडफुल.’ मेल गेला म्हणजे काम झालं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. तसं नसतं. मेल टाकल्यावर लगेच फोन करायचा, ‘सर, मेल डाला है, देख लेना.’ त्याआधी तो कुणी उघडत नाही. फोनवर समोरचा ‘येस, टेल मी’ म्हणतो. मग कंपनीचं नाव, कंटेनरचा नंबर, तारीख हे सगळं इंग्रजीत सांगायचं. ‘उनतीस’ की ‘उनचास’ यात केरळचा माणूसही अडखळतो आणि मीही, त्यामुळे आकडे हिंदीत कुणीच बोलत नाही. नंबर टिपून झाला की दोघं हिंदीवर येतात. ‘थोडा देख लो ना भाई, पार्टी बहुत चिल्ला रही है.’ विनंती हिंदीतच करायची, इंग्रजीत केली तर ती तक्रार वाटते. नकार मात्र इंग्रजीत येतो, ‘इट इज अंडर प्रोसेस.’ हे ऐकलं की समजायचं, आज होत नाही. ‘इन्शाअल्लाह कल’ असं आलं तर ते कोण म्हणतंय आणि कसं, त्यावर अवलंबून. आणि फोन ठेवताना तोच माणूस म्हणतो, ‘मॅडम, ये सब एक मेल में डाल दो.’ म्हणजे पुन्हा मेल. इस्त्री केलेला.

साहेबांचंही तेच. ओरडतात इंग्रजीत, सगळ्यांसमोर. नंतर जाताना टेबलापाशी थांबून ‘खाना खाया?’ विचारतात. माफी वगैरे शब्द नाही, पण तीच ती.

यात सगळं गोडच आहे असं नाही. मागे मीटिंगमध्ये आम्ही तिघं भारतीय आणि एक कराचीचा, बोलता बोलता हिंदीत शिरलो. इजिप्तचा सहकारी आणि फिलिपिन्सची एक मुलगी आमच्या तोंडाकडे बघत बसले. शेवटी त्याने वहीचं पान फाडलं, मोठ्या अक्षरांत ‘इंग्लिश प्लीज’ लिहिलं आणि पाण्याच्या बाटलीला टेकवून उभं केलं. सगळे हसलो, पण मला बरं वाटलं नाही. आपल्याला मोकळं वाटतं तेव्हा शेजारचा बाहेर पडलेला असतो, हे कुणी दाखवल्याशिवाय दिसत नाही. दुसरंही एक आहे. एचआरमधला मुलगा जेवताना आमच्याशी हिंदीत गप्पा मारतो, पण ड्रायव्हर रजेचा अर्ज घेऊन आला की त्याच्याशी फक्त इंग्रजीत बोलतो. त्याला कळत नाही हे माहीत असून. मग ड्रायव्हर माझ्याकडे येतो.

बाबा, तुम्ही पंचायत समितीत ‘मान्यतेस्तव सविनय सादर’ लिहायचात आणि त्याच फाइलबद्दल शिपायाला ‘जरा पुढं ढकल की रं’ म्हणायचात. तेव्हा आत्या काही म्हणाली नाही. आणि बँकेतल्या नव्या मॅनेजरशी तुम्ही कोणत्या भाषेत बोलता, तेही दादाने सांगितलंय. कराडात बसून हिंदी, आणि मी दुबईत बसून बोलले की सभा!

इथे हिंदी काही आपण काल आणलेली नाही. १९६६ पर्यंत इथे रुपयाच चालायचा. आधी आपलाच, मग १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या त्या. मोत्यांचे व्यापारी मुंबईला येऊन-जाऊन असायचे. म्हातारी अरब माणसं म्हणूनच तर हिंदी बोलतात. त्या डाळिंबांच्या दिवशीसुद्धा शेवटी कस्टम्सचा एक वयस्क अधिकारी फोनवर आला. मी आपली ‘गुड आफ्टरनून सर’ करून इंग्रजीची जुळवाजुळव करतेय, तर तोच म्हणाला, ‘बोलो बेटी, क्या प्रॉब्लेम है?’ कंटेनर सुटला. आत्याला हेही सांगा.

आई, तुझी काळजी वेगळी आहे, ते मला कळतं. काही झालं तर परक्या भाषेत तिथे कोण ऐकून घेणार, हे तू दर वेळी विचारतेस. अगं, अबू धाबीच्या न्यायखात्याने २०१९ साली कामगारांच्या दाव्यांसाठी अरबी आणि इंग्रजीसोबत हिंदीही सुरू केली. ते अबू धाबीचं, दुबईचं नाही, पण सांगायचं इतकंच की इथे आपली माणसं थोडी नाहीत. मेट्रोत, दुकानात, दवाखान्यात, कुठेही हिंदी चालते. रात्री एकटी फिरत नाही. फिरले तरी इथे भीती नाही. पण फिरत नाही.

मराठीचं म्हणाल तर खरं सांगते, कमी झाली आहे. इथल्या करामा भागात वाणसामान घ्यायला जाते तिथे एक बाई नेहमी भेटायच्या. आम्ही कित्येकदा हिंदीतच बोललो, कोथिंबीर महाग झाली वगैरे. एकदा त्यांच्या हातून पिशवी निसटली आणि ‘अगं बाई’ निघालं. साताऱ्याच्या निघाल्या! एवढे दिवस दोघी कशाला हिंदी झोडत होतो, देव जाणे. आता त्यांच्याकडे अधूनमधून जाते. पिठलं करतात. आईसारखं होत नाही, पण होतं.

गणपतीला येणं जमणार नाही. दादाच्या लग्नाची रजा मिळवायची तर आता मागता येत नाही. गौरीच्या दिवशी व्हिडिओ लावा, मी साडी नेसून बसेन.

एकाच मांडवात दोन्ही उरकू, हा आईचा विचार कळला. त्या पुण्याच्या मुलाचा फोन आला होता. तो ‘हाय’ म्हणाला, मी ‘हाय’ म्हणाले, मग इंग्रजी, मग त्याने हिंदी सुरू केली आणि मीही त्याच्यामागे गेले. शेवटी मीच म्हटलं, आपण मराठीत बोलूया का? तर म्हणाला, ‘हो, बेसिकली काहीच प्रॉब्लेम नाही.’ मुलगा वाईट नाही. आईला आवडेल असा आहे. पण परत कधी येणार, हे त्याने तीनदा विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आई, त्याच्या घरी अजून काही कळवू नकोस. हो नको आणि नाही पण नको.

कारण माझा व्हिसा रिन्यू झाला आहे, पुढच्या दोन वर्षांचा. पगार थोडा वाढवून दिला, म्हणून मी सही केली. फोनवर सांगणार होते, पण तेव्हा बाबांना खोकला होता. दोन वर्षं म्हणजे फार नाही. घराचं कर्ज तोवर बरंचसं फिटेल, आणि दादाच्या लग्नात कुणाकडे हात पसरायला लागणार नाही. मी मजेत आहे, खरंच.

हॉलचा पहिला हप्ता पाठवला आहे, दादा, पावतीचा फोटो टाक. उरलेले पुढच्या पगाराला. आईच्या मोतीबिंदूचे पैसे वेगळे पाठवलेत. ‘लग्नानंतर बघू’ म्हणून ते मांडववाल्याला देऊन टाकू नका. दिलेत तर मला कळेल, दादा मला सगळं सांगतो.

तुमची,
छकुली