मनू, दारात उभी राहू नकोस

चि. मनूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, तिकिटं काढून झालीत," आणि मी नुसतं "बरं" म्हणून फोन पप्पांच्या हातात दिला. तुला ते लागलं असणार. तू आणि अनघा दोघी मुंबईला जाताय ते मला पसंत नाही असं मुळीच नाही गं, त्या वेळी शब्दच सुचेनात. पप्पा उद्या सांगलीला येतायत, त्यांच्या पिशवीत हे पत्र टाकते. फोनवर माझं निम्मं बोलायचं राहूनच जातं.

तुमचा बेत मी दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलाय. शनिवारी व्हीटी, रविवारी ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह, सोमवारी घारापुरी, मंगळवारी राणीची बाग आणि म्युझियम, रात्री परतीची महालक्ष्मी एक्स्प्रेस. त्यात एक बदल कर. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. गेटवेपर्यंत जाऊन परत फिरावं लागेल. म्हणून सोमवारी राणीची बाग आणि मंगळवारी सकाळी पहिल्या लाँचनं घारापुरी. जायला तासभर लागतो, वर पायऱ्याही बऱ्याच आहेत, पाण्याची बाटली जवळ ठेवा. आणि रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, गाड्या कमी असतात आणि माणसं तेवढीच. त्या दिवशी निघायची घाई करू नका.

लोकलचं काही लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण अनघाची आत्या डोंबिवलीला राहते म्हटल्यावर राहवत नाही. सकाळी आठ ते दहा डोंबिवलीहून मुंबईकडे जाणाऱ्या जलद गाडीत चढायचंच नाही. दहा वाजून गेल्यावर निघा. डोंबिवलीहून सुटणारी गाडी मिळाली तर बसायलाही मिळेल. लेडीज डब्यातच चढा आणि दोघी एकाच दारानं. संध्याकाळी परतताना व्हीटीलाच गाडी पकडा, दादरहून नको. डोंबिवलीच्या आधी दोन स्टेशनं उठून उभं राहायचं, पुढच्या बाईला "डोंबिवली उतरणार का?" विचारायचं आणि तिच्या मागे सरकत राहायचं. आणि काही झालं तरी दारात उभं राहायचं नाही. वारा छान लागतो, मला माहीत आहे. फोन हातात धरून तर मुळीच नाही, रुळाच्या कडेला थांबलेली पोरं काठीनं फटका मारून मोबाईल पाडतात आणि माणूस तो धरायला वाकतं. सुटलेली गाडी धावत जाऊन पकडायची नाही. दुसरी येतेच.

बघ, झालं माझं सुरू. रागावू नकोस. वीस वर्षांच्या मुलीला उठायचं कधी नि बसायचं कधी हे सांगायचं नसतं, कळतं मला.

पण नंदूमामा त्या दिवशी तुझ्याच वयाचा होता. त्याच्या हाताबद्दल आपल्या घरात कुणी बोलत नाही, तूही कधी विचारलं नाहीस. लहानपणी त्याच्या मांडीवर बसून रिकाम्या बाहीशी खेळायचीस, तेवढंच. तो डाव्या हातानं लिहायला शिकला तेव्हा मी नववीत होते. माझ्या जुन्या वह्या घेऊन रात्री बसायचा. पहिले कितीतरी दिवस त्याचा "अ" आडवाच पडायचा. पेन घामानं निसटायचं म्हणून आज्जीनं पेनाला सुती चिंधी गुंडाळून दिली होती. पुढं त्याच हातानं त्यानं तुला पाटीवर रेघ ओढायला शिकवली. तू उजव्या हाताची, तरी तुझी सरळ रेघ शेवटी थोडी वर उचलते, ती त्याची आहे. कॉलेजात तुमच्या सरांनी ती खोडायला सांगितली तेव्हा तू "राहू दे" म्हणालीस, हे अनघानं मला सांगितलं. मामाला मी ते सांगितलेलं नाही. तूच कधीतरी सांग.

तू गेल्या सुट्टीत प्रीतिसंगमावर बसून काढलेलं चित्र पप्पांनी फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलंय. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसालाही दाखवलं. मी आतून ऐकत होते, "आमची मुलगी आर्किटेक्ट होतेय, इमारती बघायला मुंबईला चाललीय, स्वतःच्या शिकवणीच्या पैशांतून." आवाज असा होता की मी चहा घेऊन लगेच बाहेर गेलेच नाही.

व्हीटीचं तू जे सांगितलंस ते मी इथं सगळ्यांना सांगितलं. १८७८ ला काम सुरू होऊन दहा वर्षं चाललं, स्टीव्हन्स नावाचा साहेब होता, नक्षीकाम जे. जे. स्कूलच्या मुलांनी केलं, घुमटावर मशाल घेतलेली बाई उभी आहे आणि फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. मनू, मी दर मे महिन्यात त्याच इमारतीतून गावाला आले. एकदाही वर बघितलं नाही. आबांच्या डोक्यावर वळकटी, एका हातात नंदूमामा, आणि दुसऱ्या मुठीत माझं मनगट. आबा तिला बोरीबंदरच म्हणायचे. गाडी दिसली की त्यांची मूठ इतकी घट्ट व्हायची की कराडला उतरल्यावरही मनगट दुखायचं. तू तिथं उभी राहून मान वर करून बघणार, वहीत काढणार. खूप वेळ बघ. माझ्याही वाटणीचं बघ.

राणीच्या बागेत आम्ही आबांच्या सुट्टीच्या दिवशी जायचो. बागेला लागूनच भाऊ दाजी लाड म्युझियम आहे, १८७२ पासूनचं. त्याच्या अंगणात काळ्या दगडाचा मोठा हत्ती आहे, तो चुकवू नकोस. ज्या हत्तीवरून पोर्तुगिजांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिलं तो हाच. बेटावर तुम्हाला तो दिसणार नाही. म्हणूनही सोमवारी आधी हत्ती आणि मंगळवारी लेणी, हा क्रम चांगला. आम्हाला तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. आज्जी त्याच्या सावलीला बसून भाकरी सोडायची, लसणाची चटणी आणि कांदा. नंदूमामा त्याच्या पायावर हात फिरवत बसायचा.

तिथून लालबाग जवळ आहे. बसनं जा, करी रोडला लोकलनं जायची काही गरज नाही. आमची चाळ आता उरली नाही, तिथं टॉवर झालाय असं शोभाकाकू सांगते, त्यामुळं शोधत फिरू नकोस. पण रस्त्यावर थोडी थांब. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की आख्खी चाळ एकदम जागी व्हायची, नळावर बादल्या वाजायच्या, आणि पहिल्या पाळीची माणसं डबे घेऊन जिन्यावरून उतरायची. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला आणि भोंगे थांबले. अडीच लाखांच्या आसपास कामगार होते, त्यांतले आबा एक. पुढच्याच वर्षी आम्ही सामान बांधून गावाला आलो. नंदूमामा तेवढा मागं राहिला, कुणीतरी कमवायला हवं होतं म्हणून. गाडी सुटायच्या वेळी आबांनी त्याला खिडकीतून जे सांगितलं तेच मी तुला एवढी पानं सांगतेय.

मला मुंबईची भीती वाटत नाही, हे तुला खरं सांगते. त्या शहरानं आमचं घर चालवलं, मला अक्षरओळख दिली. रात्री अकराला एकटी बाई तिथं निर्धास्त घरी जाताना मी लहानपणी बघितलीय आणि माझ्या लेकीनं तसं फिरावं असं मला वाटतं. समुद्रावर भेळ खा, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर सूर्य बुडेपर्यंत बसा. ओव्हलच्या एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला गोल कोपऱ्यांची बाल्कनीवाली घरं, हे तू सांगत होतीस ना, ते दोन्हीकडून काढ. भीती आहे ती फक्त त्या दाराची. ते दोन पावलांचं अंतर, फलाट आणि पायरी यांच्यामधलं.

अनघाला पत्र दाखवलंस तरी चालेल. तिला थोडी घाई आहे, तिचा हात धरून चढ. आणि भांडू नका एकमेकींशी. चार दिवस सतत बरोबर राहिलं की भांडण होतं. झालं तर तोंड फुगवून एक पुढं नि एक मागं असं चालू नका, गर्दीत चुकामूक होते.

पिशवीत धपाटे आहेत, ते पहिल्या दिवशीच संपवा. शेंगदाण्याची चटणी टिकेल. आत्यांसाठी खण आणि नारळ ठेवलाय, देताना वाकून नमस्कार कर. पप्पा पैसे देतील ते घे, "आहेत माझ्याकडे" म्हणून परत करू नकोस, त्यांना वाईट वाटतं. महालक्ष्मी कल्याणला पहाटे पोचते, आत्यांचे मिस्टर आल्याशिवाय फलाट सोडू नका. पोचल्याचा फोन कर, कितीही वाजले तरी. मी जागीच असेन.

तुझी,
आई

ता. क. शोभाकाकू म्हणाली की मध्य रेल्वेवर एसी लोकलही असतात आणि त्यांची दारं आपोआप बंद होतात. दोन-तीन दिवसांचाच प्रश्न आहे, तिकीट महाग असलं तरी जमेल तेव्हा त्यानंच जा. त्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं, साध्या तिकिटावर चढलात तर दंड होतो. त्यासाठीचे पैसे पप्पांच्या पाकिटात वेगळे घातलेत.