जुनी फाईल काढ

पुणे
११ जून

प्रिय सुध्या,

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू नुसता 'हो हो' करतोस. म्हणून पत्र.

'तुझं ते दम्याचं इंजेक्शन मला लागू पडणार नाही म्हणतात डॉक्टर,' असं चिडून लिहिलंयस. अरे, मला ते लागू पडलं ते जालीम आहे म्हणून नव्हे, माझ्या दम्याच्या जातीचं आहे म्हणून. माझ्या रक्तात इओसिनोफिल ६४० निघाले होते. या पांढऱ्या पेशींचं मूळ काम जंतांशी लढायचं. माझ्याकडे त्या श्वासनळ्यांतच तळ ठोकून होत्या. त्यांना वाढवणारं, जगवणारं एक प्रथिन असतं, इंटरल्यूकिन-५. माझं इंजेक्शन, म्हणजे मेपोलिझुमॅब, त्यालाच धरून ठेवतं. दर चार आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम, कातडीखाली.

हेच औषध एकदा जवळपास बाद ठरलं होतं, ठाऊक आहे? २००० सालच्या चाचणीत पेशी घटल्या, दमा होता तिथेच. पुढे २००९ मध्ये इंग्लंडात लेस्टरला आणि कॅनडात हॅमिल्टनला इओसिनोफिल चढलेलेच रुग्ण निवडले, तेव्हा कुठे दम्याचे झटके कमी झाले. औषध तेच, माणसं नेमकी. तरी अमेरिकेत मान्यता मिळायला २०१५ उजाडलं.

आता तुझे इओसिनोफिल ९०, म्हणजे कमी, म्हणून तुला नाही म्हणतात. रिपोर्टवरची तारीख बघ. मार्च! तेव्हा तू रोज स्टेरॉइडची गोळी घेत होतास आणि ती गोळी याच पेशींना दाबते. म्हणजे ९० हा तुझा खरा आकडा असेलच असं नाही. गोळ्या सुरू होण्याआधीचे रिपोर्ट शोध. वहिनींनी सगळं त्या पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं असतं. ते डॉक्टरांपुढे ठेव आणि सरळ विचार. आकडा वर यावा म्हणून गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. एकदम सोडल्या तर अंगाशी येतं. तुझा स्वभाव माहीत आहे म्हणून लिहितोय.

आणि पंप कसा ओढतोस तेही त्यांना करून दाखव. गणपतीत पाहिलं होतं, अर्धं औषध जिभेवर.

माझं म्हणशील तर गोळ्या सुटल्या, पुरीसारखा फुगलेला चेहरा उतरला, साखर आटोक्यात आली. पंप सुटलेला नाही. धाप लागल्यावर हे इंजेक्शन टोचून काही होत नाही, तेव्हा पंपच लागतो. फ्रिजमध्ये दह्याशेजारी इंजेक्शनची डबी असते. गोठता कामा नये म्हणून वरच्या बर्फाच्या कप्प्याला मुलांनाही हात लावू देत नाही. खर्च मात्र कंबरडं मोडणारा. विमावाले म्हणाले, भरती नाही तर पैसे नाहीत. दोन अर्ज केलेत, तिसरा लिहितोय.

परवा मृग लागला तेव्हा दम्यावरच्या त्या माशाच्या औषधासाठी केलेली आपली हैदराबादची वारी आठवली. तुझ्या तोंडात जिवंत मरळ मासा, तू रडतोयस आणि काकू म्हणतायत, 'गीळ, गीळ!' मी मात्र रांगेतून पळालो होतो.

रिपोर्ट सापडले की फोटो पाठव. येत्या रविवारी मी लातूरला येतोय, पेटी मिळूनच उपसू.

तुझा,
बाळ्या