काचवाल्या काकांचे जाहीर आभार

कोथरूडमधल्या एका काचेच्या दुकानातल्या काकांचे हे आभार. नाव विचारलं तर म्हणाले, "काचवाला म्हणा की!"

प्रवाळ पाळण्यासाठी चार फुटी जुनी काचेची टाकी घेतली होती. बाल्कनीत पाणी भरून बघितलं, तर खालच्या कोपऱ्यातून धार. अडीचशे लिटरचं ते धूड, तिसरा मजला, लिफ्ट बंद. दुकानात न्यायची कशी? फोन केल्यावर काका शटर ओढून स्वतःच आले. तरुणपणी ते टाक्या बांधायचे, हे तेव्हा कळलं.

हार्डवेअरवाल्याने दिलेली सिलिकॉनची (काचांचे सांधे बुजवायच्या चिकट लुकणाची) नळी त्यांनी बाजूला ठेवली. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते जिवांना बाधतं. जुन्या थरावर नवा धरत नाही, म्हणून आतलं सगळं ब्लेडने खरवडलं, काच अ‍ॅसिटोनने पुसली आणि स्वतःच्या नळीतलं सिलिकॉन भरलं. कोपऱ्यांशी तर गुडघे टेकून रात्री उशिरापर्यंत झटत होते. वय साठीच्या पुढचं असावं. मी फक्त मोबाईलचा उजेड धरला.

सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नका, असं बजावून गेले आणि नंतर तेवढ्यासाठी परत आले. टाकीत डोकं घालून वास घेतला. "अजून थांबा." पैसे घेतले ते फक्त त्यांच्या नळीचे. आधीच्या मालकाने माशांना तांब्याचं औषध दिलं होतं का, हेही त्यांनीच विचारलं. प्रवाळांना तांबं सोसत नाही. तपासलं, नव्हतं.

आता खारं पाणी फिरतंय, घनता १.०२५, म्हणजे समुद्राच्या पाण्याइतकी. काका, काकू वाट बघतायत म्हणून चहा टाळलात. आता दोघंही या.