प्रिंटर जोडणीच्या स्क्रिप्टबद्दल मनःपूर्वक आभार

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

विभागातल्या ४६ लिनक्स संगणकांवर सहा नेटवर्क प्रिंटर जोडण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा आपण हातातली कामे बाजूला ठेवून दोन दिवस संध्याकाळी माझ्याशेजारी बसलात. त्या वेळी मी तोंडी आभार मानले होते, पण आपण काय शिकवलेत हे, स्क्रिप्ट (कमांड ओळीने आपोआप चालवणारी फाइल) रोजच्या वापरात आल्यावरच मला पुरते उमगले. हेच काम करणाऱ्या इतरांनाही ते उपयोगी पडावे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

त्याआधी मी प्रत्येक संगणकावर जाऊन, ब्राउझरमध्ये ६३१ पोर्टवरचे (जोडणीच्या त्या क्रमांकाच्या दारावरचे) कप्सचे, म्हणजे लिनक्समधली छपाई सांभाळणाऱ्या प्रणालीचे, पान उघडून, एकेक प्रिंटर हाताने जोडत असे. त्यात कुठे ना कुठे काही राहूनच जाई. एका संगणकावर कागदाचा आकार ‘लेटर’च राहिला होता; ट्रेमध्ये ए-४ कागद भरलेला असूनही प्रिंटर दिवा लुकलुकवत लेटर कागदाची वाट पाहत थांबला होता आणि त्याच्यामागे सगळ्यांची कामे अडकली होती. शिवाय एकाच प्रिंटरला तीन ठिकाणी तीन नावे पडल्यामुळे तक्रार नेमकी कोणत्या यंत्राची आहे, हेच कळत नसे.

स्क्रिप्ट लिहायला घेण्याआधी एकच प्रिंटर एकाच संगणकावर टर्मिनलमधून जोडून बघा, असे आपण सांगितलेत. मी एलपीअ‍ॅडमिनची (कप्समध्ये प्रिंटर जोडण्याची) कमांड दिली, प्रिंटर यादीत दिसू लागला, पण कागद काही बाहेर येईना. आपण माझ्याकडून प्रिंटरची स्थिती दाखवणारी एलपीस्टॅट कमांड चालवून घेतलेत. प्रिंटर बंद अवस्थेत होता आणि त्याची रांग कामेच स्वीकारत नव्हती. मग आपण माझ्या ओळीतल्या कॅपिटल ‘ई’वर बोट ठेवलेत. हा पर्याय प्रिंटरच्या नावाआधी लिहिला तर कप्स सर्व्हरशी होणारे बोलणे एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात सुरक्षित) करायला सांगतो, आणि नावानंतर लिहिला तर प्रिंटर सुरू करून त्याची रांग खुली करतो. एकाच अक्षराचे जागेनुसार दोन अर्थ होतात, हे मला माहीतच नव्हते. मॅन्युअलमधला तो परिच्छेद आपण मलाच मोठ्याने वाचायला लावलात, त्यामुळे तो आता विसरणे शक्य नाही.

चार नव्या प्रिंटरना वेगळा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर) लागत नाही, हेही आपल्यामुळेच समजले. कमांडमध्ये मॉडेलच्या जागी ‘एव्हरीव्हेअर’ असे लिहिले की कप्स आयपीपी या नेटवर्कवरच्या छपाईच्या नियमावलीमार्फत प्रिंटरलाच त्याचे कागदाचे आकार, रंग आणि दोन्ही बाजूंनी छापण्याची सोय विचारून घेतो. अर्थात त्या क्षणी प्रिंटर चालू आणि नेटवर्कवर असायला हवा, म्हणून स्क्रिप्ट आधी तो उत्तर देतो का ते तपासते. उरलेल्या दोन जुन्या प्रिंटरसाठी ९१०० पोर्ट आणि त्यांची स्वतःची पीपीडी फाइल (प्रिंटरच्या सोयींचे वर्णन असलेली फाइल) ठेवावी लागली.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संगणकांची नावे एका फाइलमध्ये लिहून, लूपमध्ये (तीच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागात) एकेक ओळ वाचून एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, काम पाठवायचे, असे मी ठरवले होते. स्क्रिप्ट चालली, एकही चूक दाखवली नाही आणि फक्त पहिल्या संगणकावर प्रिंटर जोडून थांबली. मी तासभर नेटवर्क तपासत बसलो होतो. आपण लूप पाहिलात आणि म्हणालात, “एसएसएच तुमची यादीच गिळतोय.” लूप ज्या इनपुटमधून नावे वाचत होता, त्याच इनपुटमधून एसएसएचने उरलेल्या ४५ ओळी ओढून घेतल्या होत्या. त्याला ते इनपुट न वाचण्याचा ‘एन’ पर्याय दिल्याबरोबर सगळे संगणक एकामागून एक पार पडले. प्रिंटरची यादी मी विंडोजवर तयार केल्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारे अक्षर राहून पत्ता बिघडत होता, तेही आपणच शोधून दिलेत.

आणि तो प्रश्न: “हीच स्क्रिप्ट उद्या पुन्हा चालवली तर काय होईल?” माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याच नावाने एलपीअ‍ॅडमिन पुन्हा चालवल्यास दुसरा प्रिंटर तयार न होता आधीच्याच मांडणीत बदल होतो, हे आपण तिथल्या तिथे करून दाखवलेत. म्हणूनच सर्वत्र एकच नाव ठेवण्याचा आपला आग्रह होता. अंकी पत्त्याऐवजी नेटवर्कवरचे नाव वापरण्याची सूचनाही मी जशीच्या तशी पाळली आहे.

गेल्या आठवड्यात एका संगणकाची डिस्क बदलावी लागली. नवी प्रणाली बसवल्यावर मी स्क्रिप्ट चालवली, तेव्हा पाच प्रिंटर लगेच जोडले गेले. सहावा बंद होता आणि स्क्रिप्टने त्याचे नाव स्पष्ट सांगितले. तो चालू करून मी तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवली. चाचणीचे पान ए-४ वर, चारही समास सोडून, नीट छापून आले. ते पान मी आपल्यासाठी जपून ठेवले आहे; पुढच्या भेटीत सोबत आणीन.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
विभागाचे संगणक सांभाळणारा आपला सहकारी