गाडीची काळजी करू नका

तोरिनो (इटली),
27 जुलै 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न.

तुमचं पत्र मिळालं. आईच्या बीपीच्या गोळ्या बदलल्याचं रेश्मानं फोनवर सांगितलं होतं. नव्या गोळ्यांनी पाय सुजत नाहीत ना, तेवढं कळवा. नोकरीचं, जेवणाचं रविवारी बोलणं होतंच, ते परत लिहीत नाही. मी गाडी स्वतःच दुरुस्त करते म्हणून दोघांनीही तिचीच काळजी लिहिली आहे, तेव्हा आधी गाडी.

आई, मी जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जात नाही. जॅक फक्त उचलायला. गाडी सपाट फरशीवर घ्यायची, पहिला गियर टाकायचा, हँडब्रेक ओढायचा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचे. मग पुढची बाजू उचलून कंपनीनं नेमून दिलेल्या जागी दोन टन पेलणाऱ्या घोड्या (लोखंडी स्टँड) लावायच्या, जॅक सावकाश उतरवून वजन घोड्यांवर घ्यायचं आणि गाडीला खांद्यानं दोनचार हिसके देऊन बघायचं. काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवायचं. घोडी सरकलीच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. एवढं सगळं झाल्याशिवाय मी डोकं आत घालत नाही. चष्मा आणि हातमोजेही असतात, म्हणजे हातांना लागेल असं जे लिहिलं आहेस त्याचीही काळजी नको.

बाबा, तुम्ही विचारलंत की एवढ्या जुन्या गाडीवर खर्च कशाला करतेस. माझी फियाट पांडा 2008 ची आहे, 1.2 लिटर, आठ व्हॉल्व्ह, 60 अश्वशक्ती. हे इंजिन तुम्हाला परकं नाही. 1985 मध्ये ऑटोबियांकी वाय10 या गाडीत पहिल्यांदा आलेलं फियाटच्या ‘फायर’ इंजिनांचं घराणं ते हेच. आपल्या कोपऱ्यावरच्या देसाईकाकांच्या फियाट पालिओत तुम्ही प्लग बदलून दिले होतेत, तिच्यातही याच घराण्याचं इंजिन होतं. सगळं हाताला लागतं, दहा आणि तेरा नंबरच्या पान्यांत निम्मं काम उरकतं, आणि सुटे भाग अजून मुबलक मिळतात. गॅरेजमध्ये मजुरीच तासाला पन्नास-साठ युरो. तो पैसा वाचतो म्हणून गाडी परवडते. गाडी नसती तर सकाळच्या पाळीला मला पोचता आलं नसतं, कारण त्या वेळी आमच्या भागातून बस नाही.

स्टेअरिंगच्या लाल दिव्याचं मी फोनवर बोलले आणि तुम्ही घाबरलात. नीट सांगते. या गाडीला तेलावरचं पॉवर स्टेअरिंग नाही, विजेची मोटर आहे आणि ती करंट भरपूर खाते. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि तिथून गियरबॉक्सला जाणारी अर्थिंगची पट्टी बॅटरीखाली, पाणी उडेल अशाच जागी आहे. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. गियरबॉक्स अ‍ॅल्युमिनियमचा, बोल्ट लोखंडाचा, तार तांब्याची, त्यावर मिठाचं पाणी. मग तार टोकाच्या डोळ्यापाशी, म्हणजे बोल्ट जातो त्या कडीपाशी, आतून हिरवी पडून कुजते आणि वरचं आवरण मात्र धडधाकट दिसतं. थंडीत सकाळी सेल्फ मारला की व्होल्टेज पडतं, डॅशबोर्डवर नाही नाही ते दिवे लागतात आणि स्टेअरिंगची मोटर स्वतःला बंद करून घेते. लोक आधी बॅटरी बदलतात, मग स्टेअरिंगचा अख्खा कॉलम. दोष असतो दहा-पंधरा युरोच्या पट्टीत.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवायचा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नाही. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्यानं सेल्फ मारायचा. मीटर 0.2 ते 0.3 व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग चांगलं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी गेली. मीटर नसेल तर जंप स्टार्टची एक केबल निगेटिव्ह खांबापासून थेट इंजिनला लावायची. सेल्फ एकदम जोरात फिरला की दोष कळलाच.

बदलताना किल्ली काढून काही मिनिटं थांबायचं, मग निगेटिव्ह आधी सोडायचा. बॅटरी आणि तिचा ट्रे बाहेर काढल्यावर खालचा बोल्ट दिसतो. तो बहुतेक वेळा गंजून बसलेला असतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवायचं, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची चुडी (आतले आटे) बाहेर येते आणि स्वस्तातलं काम महागात पडतं. बसायच्या दोन्ही जागा तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायच्या. नवी पट्टी किमान जुनीएवढी जाड हवी. दातेरी वॉशर टाकून घट्ट आवळायची, आणि व्हॅसलीन आवळून झाल्यावर वरून लावायचं, मधे नाही. मग इंजिन चालू ठेवून बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले की बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही ठीक. माझ्या गाडीचं हे काम झालं आहे, दिवा पुन्हा लागलेला नाही.

तसाच गंज इंजिन ऑइलच्या चेंबरला आणि मागच्या स्प्रिंगांच्या वाट्यांनाही धरतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत तुमच्या पद्मिनीचे पत्रे जसे खायला लागायचे, तेच इथे खालून होतं. हिवाळा संपला की खालून गोड्या पाण्यानं धुवायचं, ब्रश मारायचा, रंग द्यायचा. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, लाल आहे, त्यात जुना निळा मिसळायचा नाही, गाळ होऊन रेडिएटर तुंबतो. आणि या इंजिनाचं हेड गॅस्केट (वरच्या भागाखालचं सील) पाणी कमी पडलेलं सोसत नाही, म्हणून कूलंटच्या टाकीची पातळी मी इंजिन थंड असताना दर आठवड्याला बघते.

आता टायमिंगचं, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या पट्ट्याचं. तुमच्या फियाटला चेन होती, हिला रबरी पट्टा आहे. पाच वर्षं झाली की किलोमीटर न बघता बदलावा, असं माझं मत. पट्टा, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि पाण्याचा पंप एकदमच, कारण पंप याच पट्ट्यावर फिरतो. पंप नंतर गळला तर सगळं परत उघडा. जुना पट्टा काढण्याआधी खुणा जुळवून पट्ट्यावर आणि तो फिरतो त्या दोन्ही दातेरी चाकांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके द्यायचे, मधले दात मोजायचे आणि ते ठिपके नव्या पट्ट्यावर उतरवायचे. बसवल्यावर पान्यानं क्रँक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि खुणा परत बघायच्या. एक दातही चुकला तर सेल्फ मारायचा नाही. 60 अश्वशक्तीच्या या इंजिनात पट्टा तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत, नंतरच्या 69 वाल्यात लागतात. तरी भर रस्त्यात गाडी बंद पडणं नकोच.

हे काम मला याच आठवड्यात उरकायचं आहे, त्याचं कारण ऑगस्ट. तुम्हाला वाटलं मी काहीतरी सबब सांगते, पण इथे खरंच सगळं बंद होतं. 15 ऑगस्टला फेरागोस्तो हा सण. तो रोमन बादशहा ऑगस्टसच्या काळापासूनचा, आणि त्याच दिवशी मेरीमातेचाही उत्सव. सुट्टी एका दिवसाची, पण तिच्या आजूबाजूचे दोन-तीन आठवडे लोक आपली वर्षाची रजा लावतात. शटरवर हातानं लिहिलेला कागद, इतक्या तारखेपासून इतक्या तारखेपर्यंत बंद, आणि मालक समुद्रावर. सुट्या भागांचं दुकान बंद, गॅरेज बंद, केस कापणारा बंद, कोपऱ्यावरचा पाववालासुद्धा बंद. औषधांची दुकानं तेवढी पाळीपाळीनं उघडी. तोरिनोत हे जरा जास्तच, कारण फियाटचा कारखाना ऑगस्टमध्ये थांबायचा आणि त्याच्यामागे अर्धं शहर रिकामं व्हायचं. मागवलेला भाग 2 तारखेपर्यंत हातात पडला नाही तर सरळ महिनाअखेर. गिऱ्हाईक अडलंय आणि दुकानदार समुद्रावर, याचं इथे कोणाला काहीच वाटत नाही. भांडण नाही, फोन नाही. म्हणून पट्ट्याचं किट, कूलंट, प्लग आणि ऑइल मी आधीच आणून ठेवलं आहे. ऑइल फिल्टरसकट तीन लिटरच्या आतच लागतं. काढलेलं ऑइल गटारात जात नाही, डब्यात भरून नगरपालिकेच्या केंद्रावर देते.

आमची कंपनी 25 ऑगस्टला उघडते आणि गणपती 27 ला बसतात. बाबा, मी रजा मागून पाहिली. ती मिळाली असती तरी तिकिटाच्या पैशात हॉलचा अ‍ॅडव्हान्स निघतो, आणि रेश्माचं लग्न आधी. पन्नास हजार मंगळवारी पाठवते, ऑक्टोबरमध्ये तेवढेच. सोनाराला घाई करू नका, त्याचं मी बघते. डिसेंबरात पंधरा दिवस येते, ते पक्कं. आरतीच्या वेळी व्हिडिओ लावा, इथे तेव्हा दुपार असेल, मी बाहेर येऊन बसेन. आई, उकडीच्या मोदकांचं लिहून मला अवघड करू नकोस.

कराडच्या स्थळाचं मी विसरलेली नाही. धाकटीचं आधी होतंय म्हणून नातेवाईक तुम्हाला ऐकवतात, हे रेश्मानं मला सांगितलं. तुम्ही ते पत्रात लिहिलं नाहीत. मुलाचा फोन आला तर मी बोलेन, पण हो-नाही डिसेंबरात आल्यावर, समोर बसून. तोवर त्यांना ताटकळत ठेवायचं नसेल तर स्पष्ट कळवा, मी रागावणार नाही.

पैसे जमा झाले की रेश्माला मेसेज करायला सांगा.

तुमची
मीना