डेमेंटिएव्हाची सर्व्हिस : दोष मनात नव्हे, टॉसमध्ये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिला टेनिसमधल्या दुहेरी चुकांवरचा (सलग दोन्ही सर्व्हिस चुकून गुण गमावणं) आपल्या क्रीडा पुरवणीतला लेख वाचला. रशियाच्या एलेना डेमेंटिएव्हाचा उल्लेख त्यात अपेक्षेप्रमाणे 'दडपणाखाली कोसळणारी खेळाडू' असा आला आहे. हा शिक्का वीस वर्षांचा जुना आहे आणि चुकीचा आहे. तिची सर्व्हिस वाईट होती, यात वाद नाही. पण ती का वाईट होती (दोष टॉसमध्ये, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू हाताने वर टाकण्यात होता) हे नीट न पाहिल्यामुळे आजही अनेक पालक मुलांच्या दुहेरी चुकांचं खापर 'मन कच्चं आहे' म्हणत भलत्याच ठिकाणी फोडतात.

आधी तिची कारकीर्द पाहू. जन्म १९८१, मॉस्को. टेनिसची सुरुवात स्पार्टाक क्लबमध्ये, टेनिसपटू मारात साफिन आणि दिनारा साफिना यांची आई राउझा इस्लानोव्हा यांच्या हाताखाली. तिथे सरावाला सोबत होती अनास्तासिया मिस्किना. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये डेमेंटिएव्हाने रौप्यपदक मिळवलं. २००४ मध्ये फ्रेंच आणि अमेरिकन अशा दोन ग्रँड स्लॅम स्पर्धांची अंतिम फेरी तिने गाठली आणि दोन्ही गमावल्या. पॅरिसमध्ये मिस्किनाने तिला ६-१, ६-२ असं हरवलं. त्या सामन्यात तिच्या दहा दुहेरी चुका झाल्या आणि शिक्का बसला तो तिथे. पण त्याच स्पर्धेत, त्याच सर्व्हिसच्या जोरावर (खरं तर त्या सर्व्हिसचं ओझं वाहत) तिने अमेरिकेची लिंडसे डॅव्हेनपोर्ट आणि फ्रान्सची अमेली मॉरेस्मो या दोघींना सरळ सेटमध्ये घरी पाठवलं होतं, हे मात्र कोणी लिहीत नाही.

आता तंत्राकडे. खांद्याच्या दुखापतीनंतर डेमेंटिएव्हा चेंडू कमी उंच आणि बराच उजवीकडे टाकू लागली. चेंडू उजवीकडे गेला की रॅकेट वरून येण्याऐवजी बाजूने येते. मग चेंडूला मिळते ती फक्त आडवी फिरकी. आडवी फिरकी चेंडूला वळवते, खाली आणत नाही. खाली आणते ती टॉपस्पिन, आणि त्यासाठी रॅकेट खालून वर, चेंडूच्या पाठीवरून घासत जावी लागते. उजव्या बाजूला पडणाऱ्या चेंडूवर ते जमत नाही. मनोबल कितीही असलं तरी जमत नाही.

साधं गणित मांडू. बेसलाइनपासून जाळं ११.८८ मीटरवर, तिथून सर्व्हिसची रेषा आणखी ६.४० मीटरवर. जाळ्याची मध्यभागी उंची ९१.४ सेंटिमीटर. डेमेंटिएव्हाची उंची १.८० मीटर. अशी खेळाडू हात पूर्ण ताणून साधारण २.७० मीटरवर चेंडूला भेटू शकते. तिथून सर्व्हिसच्या रेषेपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती जाळ्यावरून जेमतेम तीन सेंटिमीटरने जाते. तीच खेळाडू टॉस खाली ठेवून २.४० मीटरवर फटका मारू लागली, तर ती रेघ जाळ्याच्या सात सेंटिमीटर खाली जाते. म्हणजे चेंडू आधी जाळ्यावरून उचलायचा आणि मग चौकटीत उतरवायचा. उतरवणार कोण? एक तर टॉपस्पिन, नाही तर गुरुत्वाकर्षण. टॉपस्पिन नाही, तेव्हा उरलं गुरुत्वाकर्षण, आणि त्याला काम करायला वेळ हवा, म्हणजे चेंडू हळू हवा. तिची दुसरी सर्व्हिस ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास रेंगाळायची, त्याचं कारण हे आहे. चेंडू हळू, म्हणून समोरची दोन पावलं आत येऊन उभी. ते दिसल्यावर सर्व्हिस रेषेच्या आणखी जवळ टाकायचा मोह, आणि मग बाहेर.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याची आडवी फिरकी नेहमी त्याच्या डाव्या हाताला वळते. उजव्या कोर्टातून सर्व्हिस करताना ती प्रतिस्पर्ध्याला कोर्टाबाहेर ओढते, तिथे तिचा फायदाही होतो. डाव्या कोर्टातून मात्र तोच चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या बॅकहँडपासून दूर, फोरहँडकडे सरकतो. आणि ३०-४० किंवा ड्यूसनंतरचा (४०-४० बरोबरीनंतरचा) ॲडव्हांटेज, हे सर्व्हिस भेदली जाण्याचे, म्हणजे आपल्या सर्व्हिसचा गेम गमावण्याचे नेहमीचे गुण डाव्या कोर्टातूनच खेळले जातात. दडपणाच्या क्षणी तिच्या सर्व्हिसचा सर्वांत कमकुवत भाग उघडा पडायचा, तो कोर्टाच्या भूमितीमुळे. पाहणाऱ्याला वाटे, घाबरली.

घाबरट खेळाडूचा पुढचा हिशेब मग कसा लावायचा? २००५ च्या फेड कप या देशांच्या महिला सांघिक स्पर्धेच्या अंतिम लढतीत, पुन्हा पॅरिसच्या रोलाँ गॅरोवर, फ्रेंच प्रेक्षकांपुढे, तिने फ्रान्सच्या मेरी पिअर्सला तीन सेटमध्ये हरवलं, मॉरेस्मोला तीन सेटमध्ये हरवलं आणि निर्णायक दुहेरीही साफिनाच्या साथीने तीन सेटमध्ये जिंकली. रशियाचे तिन्ही गुण तिचे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत सेरेना विल्यम्सविरुद्ध पहिला सेट गेला, अंतिम फेरीत साफिनाविरुद्धही पहिला सेट गेला. दोन्ही सामने तिने फिरवले आणि सुवर्णपदक घेतलं. ३-६, ७-५, ६-३ हा अंतिम फेरीचा निकाल मन कच्चं असलेल्याचा नाही.

सर्व्हिस इतकी लंगडी असून ती एप्रिल २००९ मध्ये जागतिक क्रमवारीत तिसरी झाली आणि एकेरीची १६ विजेतेपदं मिळवून गेली, याचं उत्तर परतीच्या फटक्यांत आहे. दोन्ही बाजूंनी सपाट, खोल, रेषेलगतचे फटके. त्यात धावत मारलेला फोरहँड तर तिच्या काळातल्या उत्तम फोरहँडपैकी एक. आपली सर्व्हिस भेदली जाणार हे धरूनच ती खेळायची आणि लगेच समोरचीची भेदायची. त्यासाठी पाय लागतात, आणि ते तिच्याकडे होते.

पुढे सर्व्हिस सुधारलीही. शेवटच्या तीन हंगामांत टॉस वर आणि आत आला. २००९ च्या विम्बल्डन उपांत्य फेरीत सेरेनाने तिला ६-७, ७-५, ८-६ असं हरवलं, पण तो सामना दोन तास ४९ मिनिटं चालला. त्यात डेमेंटिएव्हाला एक मॅच पॉइंट मिळाला होता. सेरेना जाळ्याजवळ आली, हिने बॅकहँड तिरका मारला, आणि सेरेनाची व्हॉली जाळ्याच्या पट्टीला घासून पलीकडे पडली. ऑक्टोबर २०१० मध्ये दोहा इथे तिने निवृत्ती जाहीर केली. ग्रँड स्लॅम एकेरीचं विजेतेपद राहिलं ते राहिलंच.

बेलारूसच्या आर्यना साबालेंकाचं उदाहरण ताजं आहे. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या (सीसीआय) कोर्टवर २०१७ मध्ये जिंकलेली हीच खेळाडू २०२२ मध्ये सामन्यामागून सामने दुहेरी चुकांत घालवत होती. बायोमेकॅनिक्सच्या जाणकाराकडून हालचाल तपासून घेतल्यावर २०२३ ची ऑस्ट्रेलियन स्पर्धा तिने जिंकली.

म्हणून मुलांच्या पालकांना आणि नवख्या प्रशिक्षकांना सांगावंसं वाटतं : मुलगा किंवा मुलगी दुहेरी चुका करू लागली की आधी टॉस पाहा. फटका न मारता चेंडू वर टाकून खाली पडू द्यावा. उजव्या हाताच्या खेळाडूसाठी तो डाव्या पायाच्या पुढे, बेसलाइनच्या साधारण फूटभर आत पडायला हवा. उजवीकडे पडत असेल, तर दुखणं सापडलं. मग ग्रिप. रॅकेट हातोडीसारखी धरलेली हवी. फोरहँडच्या ग्रिपने दुसरी सर्व्हिस फिरत नाही. टॉपस्पिन अंगी बाणवायला गुडघ्यावर बसून सर्व्हिस करायला लावा. तिथून वर मारल्याशिवाय चेंडू जाळं ओलांडतच नाही. दहा वर्षांखालच्या मुलांना बेसलाइनवरून नेहमीच्या पिवळ्या चेंडूने सर्व्हिस करायला लावू नये. त्यांच्या उंचीला वरचं गणित सुटतच नाही आणि मग ती बाजूने चेंडू ढकलायला शिकतात. त्या वयासाठीचे लाल, नारिंगी, हिरवे मंदगती चेंडू आणि छोटं कोर्ट याच कारणाने आहेत. खांदा दुखत असेल तर सर्व्हिसचा सराव पूर्ण थांबवावा. दुखऱ्या खांद्याने केलेली प्रत्येक सर्व्हिस हाताला वाकडी वाट शिकवते. आणि हालचालीत बदल करायचाच तर स्पर्धा नसतील त्या महिन्यांत करावा.

आपल्याकडे एक विनंती. सामन्याच्या बातमीत दुहेरी चुकांचा आकडा छापताना शेजारी दुसऱ्या सर्व्हिसवर जिंकलेल्या गुणांची टक्केवारीही द्यावी. ती अधिकृत आकडेवारीत असतेच. दुहेरी चुका चार आणि टक्केवारी तीस, ही अवस्था दुहेरी चुका नऊ आणि टक्केवारी पंचावन्न असण्यापेक्षा वाईट आहे. आज वाचकाला नेमकं उलटं वाटतं.

आपले,
पुण्यातील काही टेनिस प्रशिक्षक